हाँगकाँगच्या सिनेमातला गुंड शब्दाला जागतो, म्हणून तो ४० वर्षांनंतरही चालतोय

दोन भाऊ. एक गुन्हेगारीत गेलेला, दुसरा पोलिसात. थोरल्याला धाकट्याचं भलं व्हावं असं वाटतं आणि धाकट्याला थोरल्याच्या हातात बेड्या घालायच्यात.

वाचल्या वाचल्या डोक्यात अमिताभ आणि शशी कपूर आले ना? साहजिक आहे. पण हीच गोष्ट हाँगकाँगच्या माणसाला सांगितली तर त्याच्या डोळ्यांसमोर टी लुंग आणि लेस्ली चेउंग उभे राहतात. सिनेमाचं नाव ‘अ बेटर टुमॉरो’, साल १९८६.

यातली खरी गंमत पुढे आहे. ‘दीवार’ आला १९७५ ला. १९७९ मध्ये शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या बड्या स्टुडिओनं त्याची चक्क रिमेक काढली, ‘द ब्रदर्स’ नावाची. त्यानंतर सात वर्षांनी जॉन वू या दिग्दर्शकाचा ‘अ बेटर टुमॉरो’ आला. कागदोपत्री तो १९६७ च्या एका कँटोनीज सिनेमावर बेतलेला, पण त्यावर ‘द ब्रदर्स’ची सावली असल्याचं अनेक अभ्यासक सांगतात. पुढे १९९४ मध्ये संजय गुप्तानं संजय दत्तला घेऊन ‘आतिश’ केला, त्यात ‘अ बेटर टुमॉरो’ सरळ सरळ दिसतो. म्हणजे मुंबईच्या गोदीतून निघालेला माल हाँगकाँगला गेला, तिथं त्याला लांब कोट आणि काळा गॉगल चढला आणि तो परत मुंबईतच उतरला.

आता हा विषय आजच का, तर हे सिनेमे पुन्हा चर्चेत आलेत. २०२४ मध्ये ‘ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स : वॉल्ड इन’ या सिनेमानं हाँगकाँगमध्ये १० कोटी हाँगकाँग डॉलर्सच्या वर कमाई केली, कान महोत्सवात मध्यरात्रीचा शो झाला आणि हाँगकाँगनं ऑस्करसाठी हाच सिनेमा पाठवला. २०२५ मध्ये शाउट स्टुडिओज या अमेरिकन कंपनीनं गोल्डन प्रिन्सेस या जुन्या कंपनीच्या १५६ सिनेमांचे हक्क घेतल्याचं जाहीर केलं. त्यात जॉन वूचे ‘अ बेटर टुमॉरो’, ‘द किलर’, ‘हार्ड बॉइल्ड’ आहेत. वर्षानुवर्षं धुरकट प्रिंटवर पाहिलेले हे सिनेमे त्यानंतर फोर-के मध्ये यायला लागले. जे गडी १९८६ ला जन्मलेही नव्हते, ते आता चाऊ युन-फॅटच्या एंट्रीवर रील बनवतायत.

पण गोळीबार तर सगळ्याच देशांच्या सिनेमात असतो. मग यांच्यात असं काय आहे?

त्यासाठी ‘अ बेटर टुमॉरो’ मधलाच एक प्रसंग बघावा लागतो. हो आणि मार्क हे दोघं जिगरी दोस्त, खोट्या नोटांच्या धंद्यातली मोठी माणसं. मार्क म्हणजे चाऊ युन-फॅट. तोंडात काडी, अंगात लांब कोट आणि पेटवलेल्या नोटेवर सिगारेट शिलगावण्याचा माज. तैवानमध्ये दगा होतो, हो तुरुंगात जातो. मार्क एकटा एका हॉटेलात शिरतो, जाताना पॅसेजमधल्या कुंड्यांत पिस्तुलं लपवत जातो आणि दगाबाजांना संपवून परत येताना एकेक पिस्तूल उचलतो. आजवर ज्याची सगळ्यात जास्त नक्कल झाली असेल, तो हा सीन.

पण लोकांच्या मनात बसला तो त्याच्या नंतरचा सीन. त्या हॉटेलात मार्कच्या पायाला गोळी लागते. तीन वर्षांनी हो तुरुंगातून सुटून येतो, तेव्हा मार्क लंगडत गाड्या पुसत असतो. त्यांच्या हाताखाली काम केलेला पोरगा आता टोळीचा साहेब झालाय. तो गाडीतून उतरतो आणि मार्कसमोर पैसे जमिनीवर फेकतो. मार्क वाकून ते वेचतो. हो लांबून हे बघत असतो.

कुंड्यातल्या पिस्तुलांनी टाळ्या मिळवल्या, पण या वेचलेल्या पैशांनी मार्कला घराघरात नेलं. धंद्यात नवीन आलेला, फक्त नफा बघणारा माणूस वर गेलाय आणि दोस्तासाठी पायावर गोळी झेललेला माणूस गाड्या पुसतोय. हे चित्र कळायला गँगस्टर असावं लागत नाही. कुठल्याही ऑफिसात दहा वर्षं काढलेल्या माणसाला ते कळतं.

चिनी भाषेत याला एक शब्द आहे, ‘यी’. मराठीत एका शब्दात सांगणं अवघड. शब्दाला जागणं, खाल्ल्या मिठाला जागणं, दोस्ताच्या मागे उभं राहणं, हे सगळं त्यात येतं. आणि ही माणसं ज्या जगात वावरतात त्याला म्हणतात ‘जियांगहू’. शब्दशः अर्थ नद्या आणि सरोवरं. म्हणजे सरकारच्या कायद्याबाहेरचं, स्वतःचे नियम असलेलं जग. ही कल्पना सिनेमावाल्यांनी काढलेली नाही. ‘वॉटर मार्जिन’ या शेकडो वर्षं जुन्या चिनी कादंबरीत १०८ बंडखोर भ्रष्ट अधिकाऱ्यांना कंटाळून दलदलीच्या प्रदेशात आसरा घेतात, तिथपासून ती चालत आलीय. ‘यी’चा देव म्हणजे तिसऱ्या शतकातला सेनापती गुआन यू. हाँगकाँगमध्ये त्याची पूजा टोळीवाले करतात आणि पोलीस ठाण्यातही त्याचा देव्हारा असतो. पकडणारा आणि पळणारा दोघं एकाच मूर्तीपुढे उदबत्ती लावतात म्हटल्यावर, दोघांची दोस्ती दाखवणारा सिनेमा तिथं निघणारच होता.

तो निघाला १९८९ ला. ‘द किलर’. एका भाडोत्री मारेकऱ्याच्या चुकीनं एका गायिकेचे डोळे जातात. तिच्या ऑपरेशनच्या पैशांसाठी तो शेवटचं काम घेतो. त्याला पकडायला निघालेला इन्स्पेक्टर हळूहळू ओळखतो, की आपल्या खात्यातल्या साहेबांपेक्षा हा माणूस सरळ आहे. इन्स्पेक्टरची भूमिका केली डॅनी ली यानं. हा तोच, जो दहा वर्षांपूर्वी ‘दीवार’च्या त्या रिमेकमध्ये होता. शेवट चर्चमध्ये होतो, उडणारी कबुतरं, फुटणाऱ्या मूर्ती आणि दोन्ही बाजूंनी गोळ्या. मारेकऱ्याचेही डोळे जातात. तो आणि ती गायिका एकमेकांना शोधत जमिनीवर सरपटतात आणि एकमेकांच्या शेजारून निघून जातात. भेट होत नाही.

हे सगळं वाचताना नाटकी वाटेल. पडद्यावरही ते नाटकीच आहे आणि त्याची जॉन वूला अजिबात लाज नाही. त्याच्या सिनेमात पुरुष मोकळेपणानं रडतात. त्याचं लहानपण हाँगकाँगच्या झोपडपट्टीत गेलं. १९५३ च्या नाताळात शेक किप मेईला लागलेल्या आगीत ५० हजारांवर लोक बेघर झाले, त्यात त्याचंही कुटुंब होतं. त्याची शाळेची फी चर्चच्या मदतीतून, एका अमेरिकन कुटुंबानं भरली. पुढे तो चांग चेह या तलवारबाजीच्या सिनेमांच्या दिग्दर्शकाचा सहायक झाला. तिथून वचनासाठी मरणारे मर्द आले, फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिलच्या ‘ल समुराई’तून कोट आणि गप्प बसणारा मारेकरी आला, आणि चर्च तर घरचंच होतं. तलवारीच्या जागी दोन हातात दोन पिस्तुलं दिली की झाला जॉन वूचा सिनेमा.

यात काळही महत्त्वाचा होता. १९८४ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात करार झाला आणि १९९७ ला हाँगकाँग चीनकडे जाणार हे ठरलं. ५० लाखांवर लोकांच्या शहराचं भवितव्य ठरलं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. ज्यांना जमलं ते कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या रांगेत लागले. अशा वेळी ‘जुने नियम मोडीत निघाले, पण मी माझ्या माणसाला सोडणार नाही’ म्हणणारा हिरो आला. मार्कला शेवटी बोटीनं पळून जायची संधी असते. तो बोट वळवून परत येतो आणि मरतो. हाँगकाँगच्या थिएटरात बसलेल्या माणसाला त्या वळलेल्या बोटीत काय दिसलं असेल, हे वेगळं सांगायला नको. सिनेमानं तेव्हा साडेतीन कोटी हाँगकाँग डॉलर्सच्या आसपास धंदा करून रेकॉर्ड मोडलं. त्याआधी ज्या चाऊ युन-फॅटला निर्माते बॉक्स ऑफिसचं विष म्हणायचे, त्याच्यासारखे लांब कोट घालून पोरं हाँगकाँगच्या दमट उकाड्यात फिरू लागली.

दुसरं कारण पोलिसांचं. १९७४ मध्ये हाँगकाँगमध्ये भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग स्थापन झाला, तोपर्यंत पोलीस खात्यातली वसुली हा उघड कारभार होता. ते बघून मोठ्या झालेल्या पिढीला ‘वर्दी म्हणजे चांगला, टोळी म्हणजे वाईट’ ही गोष्ट पचणारी नव्हती.

इथवर सगळं भारी वाटतं. पण प्रश्न असा आहे, की खरे टोळीवाले कधी असे होते का?

ज्या इंडस्ट्रीनं त्यांना देव केलं, तिलाच त्यांनी लुटलं. १९९० च्या आसपास हाँगकाँगच्या टोळ्या, म्हणजे ट्रायड, सिनेमाच्या धंद्यात घुसल्या. कलाकारांना धमकावून तारखा घेतल्या जायच्या. जानेवारी १९९२ मध्ये एका सिनेमाच्या निगेटिव्ह बंदुकीच्या धाकावर पळवल्या गेल्या, तेव्हा जॅकी चॅनसकट अख्खी इंडस्ट्री रस्त्यावर मोर्चा घेऊन उतरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेट लीच्या मॅनेजरला गोळ्या घालून मारलं. पडद्यावर ‘यी’ आणि सेटवर खंडणी, असा तो काळ होता. १९९६ ला तरुण टोळीवाल्यांवरची ‘यंग अँड डेंजरस’ मालिका सुरू झाली, तेव्हा पोरं बिघडतात म्हणून ओरड झाली ती उगाच नव्हती. तिथं ट्रायडचा सदस्य असल्याचं नुसतं सांगणं हाही गुन्हा आहे.

२१ जुलै २०१९ ला युएन लाँग स्टेशनवर पांढरे कपडे घातलेल्या जमावानं आंदोलनातून परतणाऱ्यांना आणि साध्या प्रवाशांना काठ्यांनी झोडपलं. अटक झालेल्यांपैकी काहींचे ट्रायडशी संबंध असल्याचं पोलिसांनीच सांगितलं. त्या काठ्यांत कुठलं ‘यी’ नव्हतं.

तरी गोष्ट इतकी सरळ नाही. १९८९ मध्ये तियानानमेनच्या कारवाईनंतर चीनमधून विद्यार्थी नेत्यांना गुपचूप हाँगकाँगला आणलं गेलं, ‘यलोबर्ड’ नावानं ही मोहीम ओळखली जाते. त्यांना समुद्रातून आणायचं काम तस्करीच्या बोटी चालवणाऱ्या टोळ्यांनी केलं. पैसे घेतले, पण माणसं पोचवली. दंतकथेत एवढं खरं होतं, म्हणून ती टिकली.

जॉन वूनंतरच्या दिग्दर्शकांना हा फरक दिसत होता. २००२ च्या ‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये पोलिसाचा माणूस टोळीत आणि टोळीचा माणूस पोलिसात असतो आणि दोघांनाही आपण नेमके कोण हे कळेनासं होतं. त्याच्यावरून हॉलिवूडनं ‘द डिपार्टेड’ केला, ऑस्कर घेतला आणि सोहळ्यात मूळ सिनेमा जपानी असल्याची घोषणा करून मोकळे झाले. जॉनी टोच्या ‘इलेक्शन’मध्ये (२००५) तर बंधुत्वाच्या शपथा साग्रसंगीत घेतल्या जातात आणि शपथ घेणाराच शेवटी दगडानं डोकं फोडतो. संपूर्ण सिनेमात बंदूक जवळपास नाहीच.

आता मेख सेन्सॉरची आहे. २००३ च्या व्यापार करारानंतर हाँगकाँगच्या निर्मात्यांना चीनची मोठी बाजारपेठ उघडली, पण तिथं गुन्हेगार सुटलेला चालत नाही. ‘इन्फर्नल अफेअर्स’चा एक वेगळा शेवट तेव्हाच करून ठेवला होता, त्यात लिफ्टचं दार उघडतं आणि पोलिसात घुसलेल्या टोळीच्या माणसाला अटक होते. खुद्द हाँगकाँगमध्येही २०२१ मध्ये सिनेमाचा कायदा बदलला आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली सिनेमा अडवता येऊ लागला.

मग टोळीवाला हिरो दाखवायचा कसा? उत्तर सापडलं ते म्हणजे त्याला मागे ढकलायचं, ब्रिटिशांच्या काळात. २०१७ चा ‘चेसिंग द ड्रॅगन’ तसाच होता आणि ‘ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स’ही तसाच आहे. काळ १९८० चं दशक, जागा काउलून वॉल्ड सिटी. अडीच हेक्टरच्या आसपास जागेत ३० हजारांवर लोक, एकमेकांना टेकलेल्या इमारती, खाली सूर्यप्रकाश न पोचणाऱ्या गल्ल्या. तिथला भाई न्हावी आहे. चीनमधून कागदपत्रांशिवाय पळून आलेल्या एका पोराला तो आसरा देतो. नंतर कळतं, की हा पोरगा त्याच्या जिवलग दोस्ताच्या वैऱ्याचा मुलगा आहे. आसरा दिलेल्याला वाचवायचं की दोस्ताला दिलेला शब्द पाळायचा? म्हणजे १९८६ चाच पेच, फक्त पिस्तुलाच्या जागी हाणामारी. हा सिनेमा चीनमध्येही रीतसर लागला आणि चालला. राज्य ब्रिटिशांचं होतं म्हटल्यावर तिथं कायदा नव्हता हे दाखवायला बीजिंगची हरकत असायचं कारण नाही.

पण हाँगकाँगच्या प्रेक्षकांना त्यात वेगळंच दिसलं. भाजलेल्या पोर्कचा भात, मासळीचे गोळे बनवणारी छोटी दुकानं, शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा आणि लवकरच पाडलं जाणार हे माहीत असलेली वस्ती. २०१९ नंतर ज्यांचे मित्र आणि नातेवाईक ब्रिटन-कॅनडाला निघून गेले, त्यांना हा नुसता मारधाडीचा सिनेमा वाटला नाही.

खरी वॉल्ड सिटी १९९३-९४ मध्ये पाडली. त्या जागी आता बाग आहे. सिनेमा चालल्यावर त्याच बागेत त्याच्या सेटवरून केलेल्या देखाव्यांचं प्रदर्शन मांडलं गेलं आणि सरकारनं जी वस्ती बुलडोझर लावून घालवली, तिच्या नकलेसमोर लोक आता फोटो काढतात.