कॉलेज नसलेली बारावी

‘यंदा आमच्याकडे बारावी आहे’ असं ज्या घरातून ऐकू येतं, त्या घराला दिवाळीत फराळाचं बोलावणंही लोक जरा बिचकतच करतात. टीव्ही बंद असतो, गावाला जाणं रद्द झालेलं असतं, आतेबहिणीच्या साखरपुड्याला आई एकटीच जाऊन येते. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकतं आणि आठच्या ठोक्याला मुलगा क्लासला पोचतो, कारण सुट्टीतही रिव्हिजनची खास बॅच असते. हे सगळं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटेनासं झालं आहे. म्हणून यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आम्ही बारावीच्या वर्षाला दिला आहे.

या विभागाच्या निमित्ताने आम्ही बऱ्याच मुलामुलींशी बोललो. अभ्यास फार आहे, अशी तक्रार त्यांनी क्वचितच केली. सतराव्या वर्षी अंगात उमेद असते, आवडलेल्या विषयासाठी रात्र जागवायचीही तयारी असते. मुलं कासावीस होतात ती एकाच वर्षात तीन दिशांना ओढली गेल्याने. बोर्डाच्या परीक्षेत भौतिकशास्त्राचे ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. तिथे व्याख्या लिहायची, सूत्र सिद्ध करून दाखवायचं, आकृती काढायची. सीईटीला तेच सूत्र वापरून मिनिटाभरात पर्याय निवडायचा. चुकल्यास गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि प्रत्येक चुकीला एक गुण वजा, त्यामुळे तिथे प्रश्न सोडण्याचं धैर्य अंगी बाणवावं लागतं. घूर्णन गतीचा एकच धडा मुलाला तीन वेगवेगळ्या रीतींनी पाठ करावा लागतो, आणि एका परीक्षेत जी रीत तारते तीच दुसरीत बुडवते. त्यात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल असेल तर अकरावीच्या पहिल्याच दिवसापासून विज्ञानाची सगळी भाषा बदलते. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण क्लासमधलं शिकवणं, नोट्स, टेस्ट सिरीज हे सगळं इंग्रजीत. मग तो मराठी पेपर घेण्याची हिंमत किती जण करणार?

लातूरच्या एका अभ्यासिकेत भेटलेल्या मुलीच्या टेबलावर जीवशास्त्राची दोन पुस्तकं होती. एनसीईआरटीच्या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक ओळ तीन रंगांच्या हायलायटरने रंगलेली होती, पानांचे कोपरे मऊ पडले होते, समासात बारीक अक्षरांत मागच्या वर्षांच्या प्रश्नांची सालं टिपलेली होती. बालभारतीचं पुस्तक मात्र कोरं करकरीत. उघडताना त्याची शिवण अजून करकरत होती. ‘ते जानेवारीत काढायचं काका, बोर्डापुरतं,’ ती म्हणाली. तिचं कॉलेज कुठलं, असं विचारलं तेव्हा तिला नाव आठवायला क्षणभर थांबावं लागलं. प्रवेश घेतला होता तिथे ती फॉर्म भरायला गेली होती, आता जायची ती थेट प्रॅक्टिकलला.

त्या क्षणभराच्या थांबण्यावर मला या संपादकीयात बोलायचं आहे.

कागदोपत्री ही मुलगी रोज कॉलेजात जाते. तिची हजेरी लागते, तुकडी आहे, हजेरी क्रमांक आहे. प्रत्यक्षात क्लासचा आणि कॉलेजचा ‘टाय-अप’ आहे. ‘इंटिग्रेटेड’ हा शब्द आता पालक प्रवेशाच्या चौकशीतच वापरतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणायचं ठरवलं होतं, ते याच प्रकाराला आळा बसावा म्हणून. आळा बसला नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये, शाळा-कॉलेजच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये, आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी. कुठल्याही शहरातल्या क्लासच्या गल्लीत सकाळी साडेदहाला उभं राहावं, यातलं किती पाळलं जातं ते डोळ्यांनी दिसेल. राज्यात खासगी क्लाससाठी कायदा करण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, अजून ती चर्चाच आहे.

कॉलेज ओस पडलं त्याचं कारण मुलांच्या आळसात शोधू नये. सीईटीवर इंजिनिअरिंगला जायचं तर खुल्या गटाला बोर्डात ठरावीक विषयांचे ४५ टक्के पुरतात, मेडिकलला ५०. राखीव गटांना त्याहूनही कमी लागतात. त्यापुढचं सगळं प्रवेश परीक्षेवर. ज्या परीक्षेचं मोल आपण व्यवहारात जेमतेम पास होण्याइतकंच ठेवलं, तिच्यासाठी दोन वर्षं वर्गात कोण बसेल? मुलांनी आणि पालकांनी हिशेब केला आणि तो त्यांच्या परीने बरोबरच केला. मात्र या हिशेबात काय गमावलं, ते कुणी मांडलं नाही.

तालुक्याच्या ठिकाणी रसायनशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक सांगत होते, पटावर सव्वाशे मुलं आहेत आणि वर्गात दहा-बारा येतात. येतात ती बहुतेक क्लासची फी न परवडणारी. प्रयोगशाळेत ब्युरेट आहेत, पिपेट आहेत, रसायनं वेळच्या वेळी येतात. टायट्रेशन करताना एका थेंबाने फ्लास्कमधलं द्रावण फिक्कट गुलाबी होतं, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहायला मिळावं म्हणून आपण या पेशात आलो, असं ते म्हणाले. आता बहुतेक मुलं तो थेंब प्रथम पाहतात ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, तीन दिवसांत उरकलेल्या प्रॅक्टिकलमध्ये. जर्नल सीनियरच्या जर्नलवरून एका रात्रीत उतरवलेलं असतं, निरीक्षणांचे आकडेही तिथलेच. जो प्रयोग केलाच नाही त्याची निरीक्षणं लिहून त्याखाली सही घ्यायची, हे आपण मुलांना वयाच्या सतराव्या वर्षी शिकवतो. ती सही देणारे आणि घेणारे दोघेही मोठी माणसं म्हणून मुलांसमोर उभे असतात. मुलांना हे कळत नाही, असं समजू नये. एका मुलाने शांतपणे विचारलं, ‘सगळं खोटंच आहे, तर मी खरा अभ्यास कुणासाठी करू?’

कॉलेजबरोबर सोबतही गेली. क्लासमध्येही शेजारी मुलं असतात, पण रविवारी टेस्ट होते, संध्याकाळपर्यंत रँकची यादी पालकांच्या मोबाइलवर पोचते आणि पुढच्या आठवड्यात बॅच बदलते. काल ज्याच्या डब्यातली भाजी खाल्ली तो आज वरच्या बॅचला गेलेला असतो. कॉलेजात नापास होणारा, गाणारा, कबड्डी खेळणारा, एनसीसीच्या परेडला जाणारा, सगळे एकाच कट्ट्यावर असायचे. स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेत पडदा ओढणाऱ्यालाही आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. प्रेमात पडणं, भांडणं, समेट होणं, हे त्या वयाचं सगळं शिक्षण तिथे आपोआप व्हायचं. मूल आठवडाभर गप्प आहे, हे ज्यांच्या ध्यानात यावं असे एखादे सर किंवा मॅडम तिथे असायच्या. चारशे मुलांच्या हॉलमध्ये माइकवर शिकवणाऱ्याला ते कसं दिसणार?

जुने लोक म्हणतील, आमच्या वेळी इंटर सायन्सचं वर्ष काय सोपं होतं? सोपं नव्हतंच. कोठारी आयोगाच्या शिफारशींनुसार १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि १९७७ मध्ये राज्यात बारावीची पहिली परीक्षा झाली. त्याआधी मेडिकलचं दार इंटरच्या गुणांवरच उघडायचं आणि एकेका गुणाने आयुष्यं वळायची. पण ती मुलं हॉस्टेलवर, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, एकमेकांच्या सोबतीने ते वर्ष काढायची. ताण असायचा, एकटेपण नसायचं. पुढे १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, जागा वाढल्या, आणि आज इंजिनिअरिंगला जागा मिळणं हा प्रश्नच उरलेला नाही, चांगली जागा मिळणं हा आहे. मेडिकलचं गणित मात्र फार कठोर आहे. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून अधिक मुलं नीटला बसली, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. सगळ्यांनी दिवसाला सोळा तास अभ्यास केला तरी वीस लाखांहून अधिक मुलांना जागा मिळणार नाही. बेरीज-वजाबाकीचा हा निकाल आपण मुलाच्या मेहनतीच्या नावावर टाकतो आणि त्याला ‘रिपीट कर’ म्हणतो.

पालकांना दोष देऊन मला मोकळं व्हायचं नाही. सोयाबीनला भाव नसताना क्लासचा हप्ता भरणारा बाप मी पाहिला आहे. लातूरला, नांदेडला एक खोली भाड्याने घेऊन मुलीसाठी दोन वर्षं संसार वेगळा मांडणाऱ्या आया पाहिल्या आहेत. वडील तिकडे गावी हाताने करून खातात. मूल अभ्यास करत असतं तेव्हा घरातलं कुणीतरी सेतू केंद्राच्या रांगेत असतं, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी, डोमिसाइल. हे सगळं प्रेमापोटीच चाललेलं असतं, आणि नेमकं तेच मुलांच्या छातीवर बसतं. ‘माझ्यामागे किती खर्च झाला ते मला पाठ आहे,’ असं एक मुलगा म्हणाला आणि त्याने आकडा सांगितला. शेवटच्या शंभरापर्यंत सांगितला.

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांच्या मारहाणीत बारावीतल्या मुलीचा जीव गेला. वडील स्वतः शिक्षण क्षेत्रातले होते. ही बातमी दोन दिवस चालली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात देशभरासाठी निर्देश दिले. गुणांवरून बॅच पाडू नका, मुलांचा जाहीर पाणउतारा करू नका, मोठ्या संस्थांत समुपदेशक नेमा. ज्या घरात मूल जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही, त्या घराने निकालाची वाट पाहू नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बारावी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विज्ञान शाखा येते, आणि कला शाखेतली खेड्यातली मुलगी सगळ्यांच्याच नजरेतून सुटते. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेमुळे तिला बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की तो संपतो. त्याच उन्हाळ्यात तिच्यासाठी स्थळं यायला लागतात, कारण तिला अठरावं लागलेलं असतं किंवा लागणार असतं. सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे पाऊल फार मोलाचं आहे. पण ते कॉलेज गावापासून लांब असतं, आणि राहण्याखाण्याच्या खर्चाशी घरातले थबकतात. या मुलीसाठी बारावी म्हणजे घरच्यांशी चाललेली एक वाटाघाट असते, आणि चांगले गुण हा तिच्या हातातला एकमेव मुद्दा. २०२५ मध्ये बारावीत मुलींचा निकाल ९४.५८ टक्के लागला, मुलांचा ८९.५१. या फरकामागे ती वाटाघाटही असावी, असं मला वाटतं.

त्याच निकालातला आणखी एक आकडा माझ्या मनातून जात नाही. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के. नऊ विभागीय मंडळांत सर्वांत खाली लातूर, ८९.४६. ज्या शहरात राज्यभरातली हजारो मुलं शिकायला येतात, ज्या शहराच्या नावाने अभ्यासाची एक पद्धत ओळखली जाते, त्याच विभागातली मुलं सर्वांत मागे राहिली. चौकाचौकांत टॉपर्सचे फ्लेक्स लागले होते तेव्हा आसपासच्या तालुक्यांतल्या कॉलेजांमध्ये शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या. लातूर पॅटर्न उभा राहिला तो कॉलेजातच, तिथल्या प्राध्यापकांनी जादा तास घेऊन, मुलांच्या वह्या तपासून. क्लासच्या इमारती त्याभोवती मागाहून आल्या.

म्हणून आमचं मागणं एकच आहे. बारावीच्या मुलांना त्यांचं कॉलेज परत मिळालं पाहिजे. रिकाम्या जागा भरा, क्लासच्या वेळा कॉलेजच्या वेळेबाहेर ढकला, बोर्डाच्या गुणांना प्रवेशात खरं वजन द्या, प्रयोगशाळा वर्षभर उघड्या ठेवा. यातलं काहीही अशक्य नाही, आणि काही गोष्टींचे आदेश निघालेलेच आहेत.

या विभागात मुलांनी स्वतः लिहिलेली पानं आहेत, ती आम्ही शुद्धलेखनापलीकडे हात न लावता छापली आहेत. कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांचे, समुपदेशकांचे आणि एका क्लासचालकाचेही लेख आहेत.

राज्यात आजही काही कनिष्ठ महाविद्यालयं अशी आहेत जिथे बारावीचा वर्ग डिसेंबरपर्यंत रोज भरतो. त्यांच्या प्राचार्यांनी आणि शिक्षकांनी आम्हाला पत्र लिहावं. तुमचं वेळापत्रक पाठवा, जादा तास कधी घेता ते कळवा, मुलं का टिकली ते सांगा. पुढच्या वर्षीच्या अंकात ती सगळी पत्रं आम्हाला छापायची आहेत, गावाच्या आणि कॉलेजच्या नावासकट.

— संपादक