निस्तरणार कोण?

अणुऊर्जेचे दार खासगी कंपन्यांना सताड उघडणारे ‘शांती’ विधेयक डिसेंबर २०२५ मधल्या एका सोमवारी लोकसभेत मांडले गेले आणि गुरुवारी राज्यसभेतून मंजूर होऊन बाहेरही पडले. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुदायित्व कायदा, या दोघांचे दिवसकार्य चार दिवसांत उरकले. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे लक्ष्य. आज आपली गाडी नऊ गिगावॅटच्या आतबाहेर आहे, म्हणजे दोन दशकांत अकरापट उडी मारायची आहे. जरूर मारा. पण ज्या भट्ट्यांचे आयुष्य संपत आले आहे त्या कोण मोडणार, कोणाच्या पैशाने मोडणार आणि मोडत असताना भोवतालच्या माणसांच्या जिवाची हमी कोण घेणार, हे या जल्लोषात सांगितले कोणी?

महाराष्ट्राला तरी हा प्रश्न परका वाटू नये. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. बँकांचे राष्ट्रीयीकरण तेव्हा ताजे होते आणि काँग्रेस फुटायला अजून दोन आठवडे होते, इतकी ही जुनी गोष्ट. प्रत्येकी २१० मेगावॅटच्या या भट्ट्या पुढे १६० मेगावॅटवर आणाव्या लागल्या. २०२० मध्ये त्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या आणि भट्टीत पाणी खेळवणारे जाडजूड पाइप बदलून त्यांना आणखी काही वर्षे राबवायचे ठरले. फुकुशिमात २०११ साली वितळलेली पहिली भट्टी याच कंपनीच्या आराखड्याची आणि याच उकळत्या पाण्याच्या जातकुळीची होती. ती तर तारापूरपेक्षा वयाने धाकटी. तरीही मुदतवाढ योग्य की अयोग्य, हा वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा. आमचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. पाच वर्षांनी असो वा पंधरा, या भट्ट्या एक दिवस कायमच्या थांबणारच. त्या दिवसाची तयारी कुठे आहे?

भट्टी बंद करणे म्हणजे खटका दाबून घरी जाणे, असा आपल्याकडे एक सोयीस्कर समज आहे. कोळशावरचे वीज केंद्र बंद झाले की धुराडे पाडता येते, यंत्रे भंगारात काढता येतात, जमीन बिल्डरच्या डोळ्यात भरते. अणुभट्टीचे तसे नसते. साखळी प्रक्रिया थांबली तरी आतले जळालेले इंधन उष्णता सोडतच राहते आणि ते वर्षानुवर्षे पाण्याखाली गार ठेवावे लागते. त्या तलावाचे पंप वीजनिर्मिती थांबल्यावरही थांबता कामा नयेत. भट्टीचे पोलादी पात्र दशकानुदशके न्यूट्रॉनचा मारा खाऊन स्वतःच किरणोत्सारी झालेले असते. त्यातले कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांनी निम्मे होते, म्हणून काही देश भट्टीला टाळे ठोकून पन्नास-साठ वर्षे वाट पाहतात. गळतीतून भिंतीत नि फरशीत मुरलेल्या सीझियमला मात्र निम्मे व्हायलाच तीस वर्षे लागतात. वाट पाहावी तर कोणता पाइप कुठून कुठे जातो आणि कोणत्या साली कुठे गळती झाली होती हे ज्यांना तोंडपाठ होते ती माणसे निवृत्त होतात, मरतात. वाट न पाहता तोडायला घ्यावे तर कापणाऱ्याच्या अंगावर किरणोत्साराची मात्रा जास्त येते. चालू भट्टीत सारे काही निदान बंदिस्त असते. मोडताना ते बंदिस्तपणच करवतीने कापायचे असते. म्हणून हा काळ सुस्कारा टाकण्याचा नाही, सर्वाधिक डोळ्यांत तेल घालण्याचा आहे.

आणि आपली तयारी? अणुऊर्जा नियामक मंडळाने मोडणीविषयीची नियमावली १९९८ सालीच काढली होती. २०१२ मध्ये संसदेपुढे आलेला कॅगचा अहवाल सांगतो की तेरा वर्षे उलटल्यावरही देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे मोडणीचा आराखडा नव्हता. तीस वर्षे चाललेल्यांकडे नव्हता, बंद पडलेल्याकडेही नव्हता. बंद पडलेले म्हणजे राजस्थानातल्या रावतभाट्याची पहिली भट्टी. ऑक्टोबर २००४ पासून ती वीज देत नाही. एकवीस वर्षे झाली, ती उभी आहे. ट्रॉम्बेच्या छोट्या संशोधन भट्ट्या सोडल्या तर वीज देणारी एकही भट्टी आपण आजवर मोडून दाखवलेली नाही. नंतर आराखडे झाले असतील तर आनंद आहे. मग ते कपाटात कशाला?

पैशाची कथा तर याहून सुरस. मोडणीसाठी विजेच्या युनिटमागे दोन पैसे बाजूला काढायचे, असा दर कधीकाळी ठरला आणि कॅगने लेखणी उचलली तेव्हाही तो तिथेच होता. एवढ्या निधीत भागेल का, हे तपासण्याचा अधिकारसुद्धा नियामक मंडळाला नव्हता. हिशेब कोणालाही करता येईल. तारापूरच्या दोन्ही जुन्या भट्ट्या एक दिवसही न थांबता, पूर्ण १६० मेगावॅटने वर्षभर चालल्या असे धरले, तर २८० कोटी युनिट होतात. दोन पैशांनी त्याचे ५ कोटी ६० लाख रुपये. मुंबईत एखादा बरा फ्लॅट घेताना एवढी रक्कम जाते. आता दुसरी बाजू पाहा. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे केंद्राच्या मोडणीचा अंदाज ४४० कोटी डॉलरचा, म्हणजे आजच्या दराने चाळीसेक हजार कोटी रुपयांचा होता. तिथल्या भट्ट्या मोठ्या आणि मजुरी महाग हे मान्य करू. दहावा हिस्सा धरू. व्याज सोडले तर तेवढे पैसे जमवायला तारापूरला सातशे वर्षे अखंड वीज करावी लागेल. जर्मनीने २०१७ साली आपल्या वीज कंपन्यांकडून अणुकचऱ्याच्या दीर्घकालीन साठवणुकीसाठी २४ अब्ज युरो आधी वसूल केले आणि मोडणीचा खर्च वर त्यांच्याच माथी ठेवला. आपण युनिटमागे दोन पैसे काढतो आणि निश्चिंत झोपतो.

सॅन ओनोफ्रेची आठवण केवळ खर्चासाठी नाही. ते केंद्र २०१३ मध्ये कायमचे बंद झाले. ३ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे जळालेल्या इंधनाचा सुमारे पन्नास टनांचा डबा जमिनीतल्या कोठीत उतरवला जात होता. उतरताना तो आतल्या कड्यावर अडकला. धरून ठेवणारे पट्टे सैल पडले होते, खाली अठरा फूट पोकळी होती आणि काम करणाऱ्यांना वाटत होते की डबा तळाला टेकला. जवळपास तासभर तो त्या कड्याच्या आधारावर तसाच तोलून राहिला. अनर्थ टळला. पण लोकांना हे कळले कसे? कंपनीच्या पत्रकातून नव्हे. आठवडाभरात भरलेल्या सार्वजनिक बैठकीत तिथलाच एक सुरक्षा कर्मचारी उठला आणि त्याने घडले ते सगळ्यांसमोर सांगितले. पुढे अमेरिकी नियामकाने कंपनीला १ लाख १६ हजार डॉलर दंड केला. तो तिथल्या लोकांनाही किरकोळच वाटला. आपल्या नियमांत अशा चुकीसाठी कमाल दंड ५०० रुपये होता. हेल्मेट न घालता स्कूटर चालवणाऱ्याला यापेक्षा जड भुर्दंड पडतो. नव्या कायद्याने हा आकडा वाढवून एक कोटीपर्यंत नेला आहे. हजारो कोटींची उलाढाल करणाऱ्या उद्योगसमूहाची एक कोटीने झोप उडेल, असे ज्यांना वाटते त्यांच्या भाबडेपणाला आमचा नमस्कार.

त्या किश्श्यात दंडाहून महत्त्वाची आहे ती बैठक. तिथे परिसरातल्या लोकांना बसायला खुर्ची होती आणि बोलायला माइक. तारापूरला अशी बैठक कुठे भरते? नव्या कायद्याने तर कोणती माहिती ‘निर्बंधित’ हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला आहे आणि एकदा तो शिक्का बसला की माहिती अधिकाराचा अर्ज दाराबाहेरच थांबणार. ज्या राज्याने माहिती अधिकारासाठी उपोषणे पाहिली, त्या राज्याच्या खासदारांपैकी किती जणांना हे खटकले?

पालघरच्या लोकांनी तारापूरच्या प्रकल्पासाठी काय दिले, हे मंत्रालयात कोणाला आठवत असेल तर बरे. तिसऱ्या नि चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली आणि पुनर्वसनाचे वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. घिवली, दांडी, उच्छेळीच्या मच्छीमारांची सारी उपजीविका याच किनाऱ्यावर. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत, जिथे रसायनांच्या कारखान्यांतले स्फोट ही बातमी राहिलेली नाही. ईशान्येला डहाणू-तलासरीच्या गावांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि धुंदलवाडीच्या लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर वाढवण बंदर, ७६ हजार कोटींचे. अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरचा पट्टा आपत्कालीन नियोजनाचा मानला जातो. १९६९ साली त्या पट्ट्यात वाड्या होत्या, ताडाची झाडे होती. आज तिथे बोईसर आहे. विरार-डहाणू लोकलला लोंबकळून येणारा कामगार आहे. उद्या बंदरावरचे कंटेनर असतील. भोंगा वाजला तर बोईसरच्या स्टेशन रस्त्यावरून संध्याकाळी सहा वाजता किती जण किती वेळात बाहेर पडतील, हे एकदा जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः रिक्षात बसून पाहावे.

आणि भंगार! अणुकेंद्र मोडताना सर्वात मोठा ढीग निघतो तो धातूचा आणि काँक्रीटचा. त्यातला बराचसा निरुपद्रवी असतो, थोडा अजिबात नसतो, आणि नजरेला दोन्ही सारखेच दिसतात. २०१० साली दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षे पडून असलेले प्रयोगशाळेतले एक यंत्र लिलावात काढले. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले, तिथे फोडले गेले, आतले कोबाल्ट-६० उघडे पडले. एक कामगार तडफडून मेला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडले आणि त्या पोलादाचा माग भारतात वितळवलेल्या भंगारापर्यंत आला. मायापुरीत एका विद्यापीठाच्या एका यंत्राने एवढे केले. अख्खे वीज केंद्र मोडल्यावर कुठला ट्रक फाटकातून कुठे गेला, याची नोंद कोण ठेवणार? बोईसरपासून भिवंडीपर्यंत भंगाराचा धंदा कसा चालतो हे पोलिसांना विचारा, ते खासगीत नीट सांगतील.

हे काम करणार कोण, हेही उघड आहे. कंत्राटदार, त्याचा उपकंत्राटदार आणि त्याने नाक्यावरून उचललेली माणसे. शिस्तीचे माहेरघर म्हणवणाऱ्या जपानातही ऑक्टोबर २०२३ मध्ये फुकुशिमात पाइप साफ करताना उपकंत्राटी कामगारांच्या अंगावर किरणोत्सारी पाणी उडाले. तिथे वितळलेले ८८० टन इंधन बाहेर काढायचे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यातले एक ग्रॅमसुद्धा न भरणारा पहिला कण हाती लागला. काम २०५१ पर्यंत संपेल असे सांगतात.

अमेरिकेत आता बंद केंद्रे विकत घेऊन मोडणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. केंद्रासोबत ग्राहकांच्या बिलातून जमलेला मोडणी निधीही त्यांच्या ताब्यात येतो. काम जितके झटपट आणि स्वस्तात, तितका नफा जास्त. न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट केंद्रातले ट्रिशियमचे पाणी हडसन नदीत सोडायचे घाटले तेव्हा काठावरच्या गावांनी रान उठवले आणि राज्याला २०२३ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे कंपनी न्यायालयात गेली. आपण हेच प्रारूप आणणार आहोत, फक्त पुरेसा निधी नसलेले आणि रान उठवू न देणारे. साठ वर्षांनी भट्टी थांबेल तेव्हा ती बांधणारी कंपनी जिवंत असेल याची खात्री काय? आपल्या देशात विमान कंपन्या दहा-वीस वर्षांत बुडतात. जैतापूरला सहा महाकाय भट्ट्यांचा घाट वर्षानुवर्षे घातला जातो आहे. माडबनच्या सड्यावर त्या उभ्या राहिल्याच, तर त्या मोडणारे आज जन्मलेलेही नसतील, आणि बिल मात्र त्यांच्याच नावे फाडून ठेवलेले असेल.

अणुवीज कार्बन सोडत नाही, आणि तारापूरच्या तंत्रज्ञांनी अमेरिकेने इंधन तोडल्यावरही या भट्ट्या हिकमतीने चालवल्या, हे खरे आहे. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या कौशल्याचा पडदा करून मागे हिशेब झाकणाऱ्यांबद्दल. अमेरिकेशी झालेल्या कराराच्या गुंत्यामुळे या भट्ट्यांचे जळालेले इंधन तारापूरलाच साठत गेले. ते पुढे कुठे जाणार, कधी जाणार, हे तिथल्या सरपंचाला विचारून बघा.

नव्या कायद्याखालचे नियम आता लिहिले जातील. नियामक मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला आहे असे अभिमानाने सांगितले जाते. मग मंडळाने तो दर्जा वापरून पहिले काम एवढेच करावे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचा मोडणी आराखडा, त्यासाठी आजवर जमलेली रक्कम आणि जळालेल्या इंधनाचा ठावठिकाणा पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात मराठीत ठेवावा आणि बोईसरला त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी. सुरक्षेला बाधा येईल असा एखादा नकाशा त्यातून वगळला तर कोणी भांडणार नाही. आणि आराखडाच तयार नसेल तर तसे सांगावे. म्हणजे छप्पन वर्षांच्या भट्टीला मुदतवाढ देताना कशाचा भरवसा धरला होता, हे तरी घिवलीच्या माणसाला कळेल.