परसांतील धूरभट्टी

तर्कशास्त्राचा ओनामा डोंगरावरील धुरापासून होतो. धूर दिसला कीं तेथें विस्तव असलाच पाहिजे, हें अनुमान बिनचूक. परंतु तेंच उलटें फिरवून ‘विस्तव आहे म्हणजे धूर असणारच’ असें कोणी म्हणूं लागल्यास नैयायिक लगेच त्याचा कान पकडतात, आणि लाल तापलेला लोखंडाचा गोळा पुढें करितात. त्यांत अग्नि आहे, पण धुराचा मागमूस नाहीं. धूर निघण्यास विस्तवाखेरीज आणखी एका गोष्टीची जरूर असते, ती म्हणजे ओल्या लांकडाचा संयोग. ही ‘उपाधि’ आम्हीं विद्यार्थ्यांना पुष्कळ वर्षें सांगितली. ती स्वयंपाकाच्या कामीं किती उपयोगी पडते तें मात्र गेल्या वर्षीं परदेशांत पाहावयास मिळालें.

आमचे चिरंजीव अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत, ऑस्टिन शहराजवळ, नोकरीनिमित्त असतात. त्यांच्याकडे आम्ही उभयतां चार महिने राहिलों. त्याच सुमारास त्यांनीं परसांत ‘ऑफसेट स्मोकर’ नांवाचें एक काळें लोखंडी धूड आणून ठेविलें. ज्या वाचकांचीं मुलें तिकडे आहेत त्यांनीं छायाचित्रांतून असलें धूड पाहिलें असेलच. आम्ही त्यास धूरभट्टी म्हणतों.

तिची रचना समजण्यास आपला तांब्याचा बंब डोळ्यांपुढें आणावा. बंबांत जाळ मध्यें व पाणी सभोंवार. येथें एक मोठें लोखंडी पिंप आडवें बसविलेलें असतें. त्याच्या एका अंगास, किंचित् खालीं, जाळाची निराळी पेटी जोडलेली, व दुसऱ्या टोंकास धुराडें. जाळ असा एकीकडे सारलेला, म्हणून ‘ऑफसेट’. पेटींतील ऊन हवा पिंपांतून आडवी वाहत जाऊन धुराड्यावाटे बाहेर पडते, आणि वाटेंत जाळीवर ठेवलेला पदार्थ मंदपणें शिजतो. ज्वाळा त्यास शिवत नाहीं. पेटीला हवा घेण्याची एक झडप, धुराड्यावर दुसरी, आणि झांकणावर एक उष्णतामापक. सगळें यंत्र एवढेंच.

हें यंत्र मांसाहारी लोकांसाठीं जन्मास आलें, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. एकोणिसाव्या शतकांत मध्य टेक्सासांत जर्मन व चेक लोक येऊन वसले. त्यांच्या खाटकांनीं आपला माल धुरावर शिजवून विकण्याची चाल तेथें रुजविली. लॉकहार्ट गांवचें क्राइट्स मार्केट हें दुकान १९०० सालचें. आणि १९९९ सालीं तेथील विधिमंडळानें त्या गांवास या पाकविद्येची राजधानी म्हणून गौरविलें. सौभाग्यवतींनीं एवढीच चौकशी केली कीं, भट्टी नवी कोरी आहे ना? तशी ती होती, आणि तिच्या जाळीवर शाकाहाराखेरीज कांहीं चढावयाचें नाहीं असें चिरंजीव व सूनबाई यांनीं आधींच ठरविलें होतें. तो प्रश्न तेथेंच मिटला.

आमच्या मनांतील अडचण निराळी होती. आमच्या मातोश्रींचे डोळे चुलीपुढें गेले. पावसाळ्यांत ओलें सरपण, फुंकणी, आणि पदराला सदा पुसलेलें पाणी, हें ज्यांनीं घरांत पाहिलें त्यांना धुराचें कौतुक वाटणें कठीण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२० सालींसुद्धां घरांतील असल्या धुरापायीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. ज्या धुरांतून आपल्या बायकांची सुटका व्हावी म्हणून एवढी खटपट झाली, तोच धूर मुलानें डॉलर मोजून दारीं आणावा, हें आम्हांला प्रथम रुचेना.

नव्या भट्टींत पहिल्या दिवशीं कांहींच शिजवावयाचें नसतें. आंतील पत्र्याला कारखान्यांतील तेलकटपणा असतो; तो पुसून, गोडें तेल पातळ चोळून, दोन-तीन तास रिकामाच जाळ करावा लागतो. बिडाचा नवा तवा आपण मुरवितों, तोच हा संस्कार. चिरंजीवांनीं तो यथासांग केला. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं झाली.

गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या पिढीला विस्तव म्हणजे एक खुंटी पिळली कीं कमीजास्त होणारी वस्तु वाटते. चिरंजीवांनीं पेटींत लांकडें भरलीं, उष्णता चढूं लागतांच दोन्ही झडपा मिटल्या, आणि धुराड्यांतून कापसासारखा पांढरा धूर लोटूं लागला तेव्हां त्यांना मोठें समाधान वाटलें. धूरभट्टींतून धूर निघतो आहे, मग आणखी काय पाहिजे? तासाभरानें जाळीवरचें पनीर काढलें तें औषधासारखें कडू. नातवानें तर एक तुकडा तोंडांत घालून तसाच बागेंत टाकला.

सौभाग्यवती ओट्यावर बसून हें पाहत होत्या. त्या उठून म्हणाल्या, “अरे, तिचा श्वास कां कोंडतोस? दोन लांकडें बाहेर ओढ, आणि दार उघड.” तसें केल्यावर पेटींत ज्वाळा फडफडून उठली, पांढरे लोट ओसरले, आणि धुराड्याच्या तोंडाशीं इतका विरळ निळसर धूर राहिला कीं मागें झाड असल्याखेरीज तो दिसूं नये.

या विद्येचें सगळें मर्म ह्यांत आहे. लांकूड तापलें म्हणजे त्यांतून नाना प्रकारच्या वाफा निघतात. हवा भरपूर असली तर त्यांतील बहुतेक ज्वाळेंत जळून जातात. हवा कोंडली, किंवा लांकूड ओलें असलें, तर त्या न जळतां डांबरासारख्या पदार्थावर जाऊन बसतात. पांढरा दाट धूर म्हणजे हेंच न जळलेलें डांबर. लांकडांतील लिग्निन नांवाच्या द्रव्यापासून ग्वायकॉल, सिरिंगॉल इत्यादि सुगंधी अंश निघतात; खमंगपणा येतो तो त्यांचा, आणि त्यांना त्या विरळ निळसर धुराएवढा मार्ग पुरतो. चुलीपुढें ज्यांनीं जन्म काढला त्यांना हीं नांवें ठाऊक नव्हतीं, परंतु कमी धुराचा जाळ कसा करावा हें त्यांना न शिकवितां येत होतें. कारण त्यांच्या डोळ्यांचाच तो प्रश्न होता.

तेव्हांपासून तेथील नियम असे बसले. धुराड्याची झडप सदैव सताड उघडी. उष्णता राखावयाची ती जाळ लहानमोठा करून, गळा आवळून नव्हे. प्रथम कोळशाचे निखारे करावे, मग मनगटाएवढी जाड व दीड वीत लांब अशी एकेक फोड अर्ध्यापाऊण तासानें द्यावी. पुढची फोड पेटीच्या माथ्यावर आधीं तापत ठेविली म्हणजे ती घालतांच पेट घेते, धुमसत नाहीं. लांकूड तिकडे पोस्ट ओक जातीचें वापरतात. हिकरी व पिकॅनही चालतें, मेस्किट जरा उग्र. तें निदान सहा महिने ते वर्षभर वाळलेलें असावें, टोंकांस चिरा पडलेलें, एकमेकांवर आपटल्यास खणखणणारें. चिकाचें पाइन, रंग दिलेल्या फळ्या, खोक्यांचीं लांकडें, यांचा स्पर्शही नको.

उष्णता २२५ ते २७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सेंटिग्रेड मापानें सुमारें १०७ ते १३५, असावी. झांकणावरील मापकावर फार विसंबूं नये. पदार्थ जाळीवर असतो, झांकणाला चिकटलेला नसतो. पेटीच्या बाजूस उष्णता अधिक असते. ती कोठें किती हें जाणण्याची एक सोपी युक्ति आहे: सगळ्या जाळीवर पावाचे काप मांडावे, आणि कोणता आधीं लाल होतो तें पाहावें.

शाकाहारी घरास या भट्टींत करण्याजोगें पुष्कळ आहे. भरिताचें मोठें वांगें तेल लावून, टोंचे मारून ठेवावें. तासा-दीडतासांत मऊ होतें, आणि चुलीच्या निखाऱ्यांत भाजल्याची आठवण देतें. रताळीं, मक्याचीं कणसें, कांदे, टोमॅटो उत्तम होतात. पनीर अर्ध्या तासाहून अधिक ठेवूं नये. मिठाला व लाल मिरचीला धुरी दिल्यास वरणाच्या फोडणींत निराळीच चव येते. मेक्सिकोंत पिकलेली हालापेन्यो मिरची अशीच धुरावर वाळवितात व तिला चिपोत्ले म्हणतात. तेथील नावात्ल भाषेंत ‘चिल्ली’ म्हणजे मिरची आणि ‘पोक्त्ली’ म्हणजे धूर, असा त्या समासाचा विग्रह. अर्थात् असले पदार्थ कधींमधीं खावे. धूर कितीही चोख असला तरी त्यांतील कांहीं द्रव्यें आरोग्यास घातक आहेतच.

आणखी एक गोष्ट मुलांना पत्रांतून अवश्य कळवावी. ही भट्टी मोटारीच्या खोलींत, बंद पडवींत किंवा छपराखालीं कधींही पेटवूं नये. जळणाचा कार्बन मोनॉक्साइड वायु वासावांचून माणूस मारतो. घराच्या भिंतीपासून ती निदान दहा फूट दूर असावी, कारण तिकडील घरें बहुधा लांकडी. कोरड्या दिवसांत तेथील जिल्ह्यांतून जाळबंदीचे हुकूम निघतात, तेही पाहून घ्यावे. राख रात्रभर निवूं द्यावी आणि मग झांकणाच्या लोखंडी बादलींत भरावी. ऑस्टिनकडील जमीन चुनखडीची व मुळांतच क्षारयुक्त, म्हणून ती राख बागेस घालून उपयोग नाहीं. सौभाग्यवतींनीं ती चाळून डब्यांत भरून ठेविली, आणि सूनबाईंच्या पितळी समया तिनेंच घांसल्या.