बेलभंडारा आणि तुमचं मत



मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीवस्तीत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाकीट हातात पडतं आणि पाठोपाठ बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावतात. कुठे देवाच्या फोटोवर, कुठे धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतात. पैसे घेतलेला फिरेल, पण देवाची आण घेतलेला फिरणार नाही, असा त्यामागचा हिशेब. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं कलम 123 सांगतं की देवाच्या कोपाची भीती घालून मत मिळवणं हा भ्रष्ट आचार आहे. धर्माच्या नावावर मत मागणंही तसंच. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतली डॉ. रमेश प्रभू यांची निवड याच कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, आणि त्या प्रचारातल्या भाषणांपायी बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. 2017 मध्ये सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 4 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. पण धर्माच्या बाबतीत कायद्याचा हात मत मागणाऱ्यापर्यंतच पोचतो. मत गुप्त असतं. ते का दिलं, हे कुणी विचारू शकत नाही, आणि विचारूही नये. म्हणून हे आवाहन उमेदवारांना नसून तुम्हा मतदारांना आहे.

कुणी म्हणेल, श्रद्धा हा आमच्या जगण्याचा भाग आहे, ती मतदान केंद्राबाहेर कशी ठेवायची? ठेवू नका. खोटं बोलू नये, दुबळ्याला लुबाडू नये, हे ज्याला वारीने किंवा नमाजाने, विहाराने किंवा चर्चने शिकवलं, त्याने त्याच कसोटीवर उमेदवार पारखावा. फक्त एवढं बघा, की तुमच्या मताचं कारण शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या माणसाला उघडपणे सांगता येतं का आणि त्यालाही ते कारण म्हणून पटू शकतं का. ‘याने पाण्याचे पैसे खाल्ले नाहीत’ हे सांगता येतं. ‘हा आपल्यातला आहे’ हे त्याच्यासमोर बोलताना जीभ अडखळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आमच्या समाजावर अन्याय होतो, मग आमचा माणूस नको का? अन्याय खरा असेल तर तो मांडलाच पाहिजे. 2017 च्या निकालातल्या तीन न्यायमूर्तींना हीच काळजी होती, आणि ती रास्त होती. पण दफनभूमीची जागा, अडलेली शिष्यवृत्ती, दंगलीनंतरची भरपाई हे प्रश्न कोण लावून धरेल, याचं उत्तर आडनावात सापडत नाही. 1967 मध्ये दक्षिण मुंबईने स. का. पाटलांसारख्या मातब्बर नेत्याला हरवून जॉर्ज फर्नांडिस यांना निवडलं. मंगळूरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या या माणसामागे स्वधर्मीयांचं संख्याबळ नव्हतं. टॅक्सीचालक आणि पालिका कामगारांमधलं काम होतं.

तेव्हा यंदा कुणी बेलभंडारा पुढे केला तर हात मागे घ्या. आधीच उचलला असेल, तरी लोभ दाखवून किंवा धाक घालून घेतलेल्या शपथेला बांधील राहू नका. मत मोकळ्या मनाने द्या.