आता बॅटरी काढ!

रोज सकाळी ऑफिसच्या दाराशी तुम्ही गळ्यातलं कार्ड मशीनसमोर धरता, ‘टुक्’ असा आवाज येतो आणि दार उघडतं. त्या कार्डात बॅटरी नसते, हे कधी लक्षात आलंय? एखादं बाद झालेलं कार्ड सोलून बघा (चालू कार्ड नको, एचआरवाले माझ्या नावाने ओरडतील!). आत तांब्याच्या तारेचे काही वेढे आणि मुगाच्या डाळीएवढी चिप सापडेल. वेढे म्हणजे कॉइल, चिपमध्ये कपॅसिटर. ही जोडगोळी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेली असते. बऱ्याच कार्डांत ती १३.५६ मेगाहर्ट्झ असते. दाराजवळचं मशीन त्याच फ्रिक्वेन्सीवर ऊर्जा सोडत असतं. कार्ड जवळ गेलं की कॉइलमध्ये वीज खेळू लागते, चिप जागी होते आणि आपला नंबर सांगून मोकळी होते. यालाच म्हणायचं रेझोनन्स, मराठीत अनुनाद. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही असाच बिनबॅटरीचा, फक्त त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी.

आता कुणाही हुशार पोराच्या डोक्यात पुढचा प्रश्न येणारच. सर्किट बॅटरीशिवाय चालतं, तर मग घर का नाही चालणार?

भडगावच्या माझ्या मावसभावाच्या डोक्यात तो आला. पोरगा डिप्लोमावाला, हातात कला आहे. जळलेल्या सीएफएल बल्बमधली फेराइटची रिंग काढून त्याने त्यावर तार गुंडाळली. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर जोडला आणि भिंतीवरच्या घड्याळातून काढलेल्या मेलेल्या सेलवर पांढरा एलईडी पेटवून दाखवला. हा छंदवाल्यांचा लाडका प्रयोग. ‘जूल थीफ’ म्हणतात त्याला, म्हणजे ऊर्जेचा भुरटा चोर! सेलमध्ये उरलीसुरली ऊर्जा असते, ती हे सर्किट खरवडून काढतं. इथवर सगळं खरं आणि मस्त.

पण मग त्याने व्हिडिओ बघितले. आणखी एक कॉइल, आणखी एक कपॅसिटर, ‘रेझोनन्स पकडा, सर्किट स्वतःच स्वतःला चालवेल’. रात्री साडेअकराला त्याचा फोन.

‘‘ताई, दीड व्होल्टचे साठ झाले! चाळीसपट!’’

‘‘आणि करंट किती?’’

‘‘तो नंतर बघू. काका म्हणताहेत, विहिरीवरच्या मोटरसाठी मोठं बनव. कापसाचे पैसे आलेत, त्यातले देतो.’’

इथे मात्र मी गादीवर उठून बसले. छंद गेला बाजूला, आता गोष्ट कापसाच्या पैशांवर आली होती. आणि काकांना हसावं असंही त्यात काही नव्हतं. ज्यांनी वर्षानुवर्षं रात्रीच्या पाळीची वीज घेऊन, हातात बॅटरी धरून, साप-विंचवातून पिकाला पाणी दिलंय, त्यांना ‘स्वतः चालणारं मशीन’ या शब्दांची भूल पडणारच.

मग चाळीसपटीचा फंडा काय? खानदेशातल्या माणसाला तो एका वाक्यात कळतो: आखाजीचा झोका आठवा. निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्याला योग्य क्षणी बोटभर ढकललं तरी तो हळूहळू आभाळाला भिडतो. झोक्याने ऊर्जा तयार केली का? छे! तुमचे पन्नास छोटे धक्के त्याने साठवले. ढकलणं थांबवा, थोड्या वेळात झोका थांबतो. कॉइल आणि कपॅसिटर हा विजेचा झोका. व्होल्टेज वाढतं, ऊर्जा नाही. दोन्ही टोकांना लोड लावला की झोक्यावर चार जणी बसल्यासारखं होतं, उंची लगेच उतरते.

यात फसायला दोन हमखास जागा आहेत. एक म्हणजे साधा मल्टिमीटर. असल्या सर्किटमध्ये करंट तुटक-तुटक, झटक्यांनी वाहतो. स्वस्तातला मीटर तिथे काहीही आकडे दाखवतो. दुसरी म्हणजे सेल. थोडी विश्रांती दिली की दमलेल्या सेलचं व्होल्टेज आपोआप जरा वर येतं आणि आपल्याला वाटतं, सर्किटनेच तो चार्ज केला!

म्हणून मी भावाला एकच टेस्ट सांगितली. सेल काढ. त्याजागी १ फॅरडचा सुपरकपॅसिटर लाव, दीड व्होल्टला चार्ज करून. त्यात ऊर्जा मावते फक्त १.१२५ जूल. २० मिलिवॅट खाणारा एलईडी त्यावर जास्तीत जास्त ५६ सेकंद चालेल. पाच मिनिटं चालला तर काका काय, मीच पैसे देते! स्टॉपवॉच लावलं. एलईडी पाऊण मिनिटसुद्धा टिकला नाही.

पोरगा दोन दिवस रुसला. मग मी त्याला शेजारच्या चाळीसगाव तालुक्यातली गोष्ट सांगितली. तिथल्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. साल १२०७. याच भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त स्वयंवह यंत्र दिलंय. चाकाच्या पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरायचा, मग चाक आपलं आपण फिरत राहील अशी कल्पना. एवढा मोठा गणिती! पण चाक फिरत नाही. एका बाजूचा पारा आसापासून लांब जातो, तर दुसऱ्या बाजूला तो जवळ पण जास्त असतो. हिशेब बरोबरीत सुटतो. पुढे असल्या कल्पना इतक्या आल्या की पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये त्या तपासणंच बंद केलं. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचं तिसरं कलमही निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्याला पेटंट नाकारतं. थोडक्यात, भाऊराया, तू चांगल्या कंपनीत आहेस!

मग त्या कॉइलचं काय करायचं? क्रिस्टल रेडिओ! कॉइल, व्हेरिएबल कपॅसिटर, जर्मेनियमचा ओए ७९ डायोड, क्रिस्टल इअरफोन, वीस-तीस मीटर तारेची एरियल आणि चांगलं अर्थिंग. मीडियम वेव्हचं दणकट केंद्र जवळ असेल तर बॅटरी न लावता गाणं ऐकू येतं. यात आपल्या मातीचाही वाटा आहे. जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना क्रिस्टलच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. खानदेशात कित्येकांचा पहिला रेडिओ ९६३ किलोहर्ट्झवरच्या जळगाव आकाशवाणीवर ट्यून झाला.

पण तेही फुकट नाही हं. वीज आकाशवाणीचा ट्रान्समीटर भरतो, आपल्या एरियलला लागतो त्याचा शिंतोडा. १० मायक्रोवॅट मिळाले असं धरलं, तर पाच हजार एमएएचचा मोबाइल चार्ज व्हायला दोनशेहून जास्त वर्षं लागतील. कानाला मात्र तेवढं पुरतं.

काकांनी पैसे राखले आणि सौर पंपाचा अर्ज भरला. सूर्य हा त्यातल्या त्यात प्रामाणिक पुरवठादार. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्रीला २०१३ मध्ये त्याच्याच जोरावर १२५ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘स्वतः चालणारं’ मशीन घेऊन तुमच्याकडे आला, तर वाद घालू नका, हसू तर मुळीच नका. चहा पाजा, मशीन कौतुकाने बघा आणि प्रेमाने म्हणा, ‘‘मस्त! आता बॅटरी काढ.’’