जुन्या वळणाचा पहिला वाढदिवस

शहरांतून हल्लीं वाढदिवसांसाठीं ‘रेट्रो’ म्हणून एक थाट निघाला आहे. घर पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या चित्रपटांतल्याप्रमाणें सजवावयाचें, भिंतींवर जुन्या तबकड्यांचीं कागदी चित्रें लावावयाचीं, पाहुण्यांनीं ठिपक्यांचे पोशाख घालून यावयाचें, असा हा प्रकार. २०२५ च्या भाद्रपदांत आमच्या जानेफळच्या घरीं एका बाळाचा पहिला वाढदिवस व्हावयाचा होता. बाळाची आई पुण्यास नोकरीस असते. तिनें टेलिफोनवरून हा बेत कळविला, तेव्हां वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या. आम्हांस मात्र बेत वाईट वाटला नाहीं. जुनेंच हवें असेल, तर तें भाड्यानें आणण्याचें कारण काय? माळ्यावर तें हवें तितकें आहे, असें आम्हीं सुचविलें, आणि सूनबाईंनींहि तें आनंदानें मान्य केलें. त्या तयारींत आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवितों. कारण असा प्रसंग प्रत्येक भरल्या घरीं आज ना उद्यां येणारच.

पहिला प्रश्न दिवसाचा. आपल्याकडे वाढदिवस जन्मतिथीस करण्याची चाल, तर शाळेच्या व सरकारच्या दप्तरीं तारीख. बारा चांद्रमासांचें वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचें. त्यामुळें तिथि तारखेच्या दहा-अकरा दिवस अगोदर येते, आणि मध्यें अधिकमास पडला तर अठरा-एकोणीस दिवस पुढें जाते. गणेशचतुर्थी २०२४ सालीं ७ सप्टेंबरला होती, ती २०२५ सालीं २७ ऑगस्टला आली. उलट २०२२ सालीं ३१ ऑगस्टला होती, ती २०२३ सालीं अधिक श्रावणामुळें १९ सप्टेंबरला गेली. आमच्या बाळाची तिथि ऑगस्टअखेरीस आणि तारीख सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत आली. आम्हीं वाद न घालतां तिथि जानेफळास दिली आणि तारीख पुण्याच्या मित्रमंडळास. एका लेंकराचे दोन वाढदिवस झाल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

पहिल्या वाढदिवसाच्या विधीस अब्दपूर्ति किंवा वर्धापन म्हणतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस रचिलेल्या ‘धर्मसिंधू’त तो सांगितला आहे. कुलदेवता, जन्मनक्षत्र, मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बळि, व्यास, हनुमान्, बिभीषण, कृप व परशुराम हे सात चिरंजीव यांचें पूजन करावयाचें, आणि तीळ व गूळ घातलेलें दूध प्राशन करावयाचें. धन, विद्या किंवा कीर्ति यांची देवता येथें मुख्य नाहीं; जे मरत नाहींत त्यांनाच बोलावणें आहे. असें कां, याचें उत्तर आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकीं सुमारें दोनशें वर्षाच्या आंतच दगावत असत. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणींत हाच आंकडा अठ्ठावीस आहे. आनंदीबाई जोशी यांचें मूल अवघे दहा दिवस जगलें, आणि त्याच दुःखांतून त्या वैद्यकीकडे वळल्या. १८८६ सालीं अमेरिकेंत त्यांनीं पदवी मिळविली. तेव्हां पहिला वाढदिवस हा करमणुकीचा समारंभ नव्हता. संकटांतून पार पडल्याची ती पावती होती. म्हणून आम्हीं पूजेच्या यादीबरोबरच लसींचें कार्ड काढून, नवव्या महिन्याची गोवराची लस टोंचली आहे ना, हें पाहून घेतलें. सात चिरंजीवांस तें नापसंत झालें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

मग माळा उघडला. पितळी पंचपाळें, लांकडी पाळणा, पांगुळगाडा, भातुकलीचीं बोळकीं, लामणदिवा, गोधड्या, आणि एका पत्र्याच्या पेटींत काळ्यापांढऱ्या फोटोंची चळत. फोटो दोरीस टांगून ओसरीवर लावले. त्याआधीं प्रत्येकाच्या पाठीमागें शिसपेन्सिलीनें नांवें व साल लिहून घेतलें. घरांत ओळखणारीं माणसें आहेत तोंवरच हें काम होतें. चार फोटोंतलीं माणसें आतांच कोणास ओळखतां आलीं नाहींत. तोरण आंब्याच्या डहाळ्यांचें केलें. फुगे आणले नाहींत, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाच्या घशांत अडकणें फार घातक. त्याच कारणानें चुरमुरे, शेंगदाणे व फुटाणे बाळाच्या हातीं लागूं दिले नाहींत.

जुन्या वस्तूंविषयीं एक सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. जुन्या तेलरंगांत पुष्कळदां शिसें असे. म्हणून पोपडे सुटणारा पांगुळगाडा शोभेस ठेवला, बाळाच्या तोंडीं जाऊं दिला नाहीं. काजळ डोळ्यांत न घालतां गालावर तीट लावली. वाळ्यांचीं सैल घुंगरें काढून टाकलीं. मध वर्ष पुरें होण्याआधीं देऊं नये असें डॉक्टर निक्षून सांगतात, आणि तिथीच्या हिशेबानें आमचें बाळ वर्षास अकरा दिवस कमीच होतें. म्हणून पंचामृतहि चाटविलें नाहीं. तीळ बारीक वाटून दुधाचा केवळ एक चमचा दिला, व तेहि बाधत नाहींत ना, हें चार दिवस आधीं बोटभर चाटवून पाहिलें होतें. वेळ सकाळची ठेविली, कारण संध्याकाळच्या समारंभांत पाहुणे हंसतात आणि बाळ रडतें. मोठ्यांस पुरणपोळी, बाळास मऊ वरणभात. कर्णा लावला नाहीं, बायकांनीं पाळणे स्वतःच म्हटले.

इथपर्यंत सर्व सुखाचें. अडचण आली ती औक्षणाच्या यादीपाशीं. जुन्या वळणाप्रमाणें पांच सुवासिनींचीं नांवें काढिलीं. यादी वाचून सूनबाईंनीं विचारलें, “आणि आत्याबाई?” ओसरीवर कोणी कांहीं बोललें नाहीं.

आमच्या आत्याबाई आज ऐंशीच्या घरांत आहेत. बाविसाव्या वर्षीं वैधव्य येऊन त्या माहेरीं परत आल्या. घरांतल्या तीन पिढ्यांच्या मुलांस त्यांनीं पायांवर घेऊन न्हाऊं घातलें. त्या दिवशीं बाळाच्या अंगावर जी लाल कुंची घालावयाची होती, ती त्यांनींच आपल्या लग्नांतला शालू कापून शिवलेली. शालू नेसावयाचा नव्हताच, तेव्हां लेंकरांच्या तरी कामीं येवो, म्हणून. ती कुंची घातलेल्या प्रत्येक मुलाचें औक्षण झालें तेव्हां आत्याबाई स्वयंपाकघरांत चुलीपाशीं होत्या. त्यांना कोणी जा म्हणत नसे. त्यांना तें सांगावें लागत नसे, इतकेंच.

“लोक काय म्हणतील?” असें एक-दोघींनीं काढलें. आम्हीहि त्या वेळीं गप्पच राहिलों, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. पण सर्वांत मोठा विरोध खुद्द आत्याबाईंचा. त्या म्हणाल्या, “नको ग बाई. माझ्या हातून ओवाळलें आणि उद्यां लेंकराला कांहीं झालें, तर मी कोणत्या तोंडानें जगूं?” सूनबाई म्हणाल्या, “आत्याबाई, याच्या बाबांना तुमच्याच हातचें तेल-उटणें लागलें ना? त्यांना काय झालें?” यावर आत्याबाई पुष्कळ वेळ कुंचीची घडी नीट करीत बसल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही सगळ्या आधीं ओवाळा. उरलें तर मी.”

समाज या प्रश्नावर फार दिवस अडखळत आला आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला, तेव्हां मुरूडच्या गांवकऱ्यांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. आणि त्यानंतर जवळजवळ एकशें तीस वर्षांनीं, मे २०२२ मध्यें, कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीस विधवांविषयींच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला; त्याच महिन्यांत राज्य सरकारनेंहि इतर ग्रामपंचायतींस तोच कित्ता गिरविण्यास सांगितलें. ठराव झाला ही आनंदाची गोष्ट खरी. पण ठराव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतो, आणि निरांजन घरांत असतें. तें कोणाच्या हातीं द्यावयाचें, हें घरानेंच ठरविलें पाहिजे.

आमच्या तालुक्याच्या गांवीं, मेहकरास, शारंगधर बालाजीची मूर्ति १८८८ सालीं जमिनींतून निघाली. जमीन खणली म्हणजे मूर्ति निघते, तशीं खापरेंहि निघतात. देव्हाऱ्यांत आपण मूर्तीच नेऊन बसवितों. जुन्या काळाचा थाट करणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. पाळणा, ओव्या, तीळगुळाचें दूध हें घ्यावें. शिशाचा रंग आणि चुलीपाशीं उभी केलेली आत्याबाई हीं जुनीं आहेत म्हणून पुन्हां मांडूं नयेत.

त्या सकाळीं पांच सुवासिनींमागून सहाव्या आत्याबाई आल्या. हात कांपत होते, म्हणून सूनबाईंनीं तबकास खालून हात लावला. बाळानें ज्योतीकडे पाहिलें, मग त्यांच्याकडे, आणि सवयीप्रमाणें त्यांच्याकडे झेंप घेतली. तबक बाजूस ठेवून त्यांनीं त्यास उचललें. औक्षण अर्धेंच राहिलें. तें पुरें करा असें कोणी म्हटलें नाहीं.

पुढच्या वर्षीं सहावें नांव पहिलें यावें, असा सूनबाईंचा आग्रह आहे. आत्याबाईंनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. पण कुंची मात्र धुवून, वाळवून, पेटींत न टाकतां स्वतःच्या कपाटांत ठेविली आहे.