पैसा नव्हता, की प्राधान्य नव्हते? सहावी ते आठवीच्या खर्चाचा इतिहास

१/
‘देश गरीब होता, पैसा नव्हता, म्हणून सर्वांना शिकवता आले नाही.’ शिक्षणाच्या इतिहासावर काहीही लिहिले की प्रतिसादांत हे वाक्य हमखास येते. आजचा थ्रेड या वाक्याच्या विरोधात आहे. विषय : सहावी, सातवी, आठवी या तीन इयत्ता आणि त्यांच्यावरचा सरकारी खर्च. थ्रेड लांब आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावा.

२/
आधी संज्ञा स्पष्ट करू. आंतरराष्ट्रीय आकडेवारीत ज्याला निम्न माध्यमिक म्हणतात, त्याला भारतात उच्च प्राथमिक म्हणतात. अर्थसंकल्पात हा टप्पा ‘प्रारंभिक शिक्षण’ या एकाच शीर्षाखाली पहिली ते पाचवीसोबत मोजला जातो. त्यामुळे त्याच्या वाट्याला नेमके किती आले, हे सामान्य वाचकाला दिसत नाही. जे दिसत नाही, त्यावर वादही होत नाही.

३/
हा टप्पा महाग आहे. चौथीपर्यंतचा वर्ग एक शिक्षक सांभाळू शकतो; सहावीनंतर गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रांना वेगवेगळे शिक्षक लागतात. शाळाही दूर जाते. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, तर सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतर धरलेले आहे. काटकसरीची कात्री प्रथम इथेच का चालते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

४/
आता १८८२. हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. त्यांचा युक्तिवाद शुद्ध वित्तीय होता : सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो, मात्र शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून शेतसाऱ्यावर स्थानिक उपकर घेतला जात होता आणि त्यातला एक हिस्सा शिक्षणासाठी होता. म्हणजे पैसे देणारा शेतकरी होता. फुल्यांची मागणी : किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण.

५/
आयोगाने काय केले? प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवले आणि माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घेऊन ते अनुदानाच्या आधारे खासगी प्रयत्नांवर सोडावे, अशी शिफारस केली. प्राथमिक व माध्यमिक यांच्या मधला जो सांधा आहे, तिथे जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत आहे.

६/
१९११. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी अत्यंत माफक होती : निवडक भागांत, ६ ते १० वयाच्या मुलांसाठी. फुल्यांनी तीस वर्षांपूर्वी मागितले त्याहूनही कमी. १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधाच्या कारणांत खर्चाचे कारण ठळक होते.

७/
परंतु बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते सक्तीचे व मोफत केले. ही दोन संस्थाने ब्रिटिश साम्राज्यापेक्षा श्रीमंत होती, असे कोणी म्हणणार आहे काय? ‘पैसा नव्हता’ या दाव्याचा पहिला प्रतिवाद इथेच, आपल्या दाराशी उभा आहे.

८/
१९४४ च्या सार्जंट योजनेने ६ ते १४ वयोगटाचे लक्ष्य मान्य केले, मात्र त्यासाठी चाळीस वर्षांची मुदत मागितली. पुढे बाळासाहेब खेर यांच्या समितीने ही मुदत सोळा वर्षांवर आणली आणि वित्ताचा मार्गही सांगितला : केंद्राने महसुलाचा १० टक्के व प्रांतांनी २० टक्के भाग शिक्षणासाठी राखावा. मार्ग कागदावर होता. चालण्याची तयारी नव्हती.

९/
नोव्हेंबर १९४८, संविधान सभा. पुढे अनुच्छेद ४५ म्हणून आलेल्या तरतुदीत ‘शिक्षण’ ऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ असा शब्द घालावा, अशी दुरुस्ती सुचवली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचे कारण : चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात वा खाणीत कामाला लावण्यास संविधान मनाई करते, मग त्या वयापर्यंत त्यांची जागा शिक्षणसंस्थेतच असली पाहिजे. सहावी ते आठवी संविधानाच्या आश्वासनात राहिली, ती या नकारामुळे. मुदत होती दहा वर्षांची, म्हणजे १९६०.

१०/
आणि खर्च? पहिल्या पंचवार्षिक योजनेत शिक्षणाच्या तरतुदीपैकी सुमारे ५६ टक्के रक्कम प्रारंभिक शिक्षणाला होती. दुसऱ्या योजनेत हा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास घसरला, तर विद्यापीठीय शिक्षणाचा वाटा वाढला. उच्चशिक्षणाला माझा विरोध नाही. मी स्वतः पदव्युत्तर विद्यार्थी आहे आणि त्या खर्चाचा लाभार्थी आहे. म्हणूनच म्हणतो : फुल्यांची तक्रार स्वराज्यातही शिळी झाली नाही.

११/
१९६६ मध्ये कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे लक्ष्य ठेवले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांनी ते पुन्हा उच्चारले. न्याय्य बोलायचे तर वाढ झालीच : १९५१-५२ मध्ये सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के असलेला खर्च शतकाअखेरीस ४ टक्क्यांच्या घरात पोहोचला. २०२० चे धोरण २०१७-१८ चा आकडा ४.४३ टक्के सांगते. म्हणजे पन्नास वर्षांत तीच प्रतिज्ञा चार वेळा, आणि शेवटच्या दोन दशकांत प्रगती जवळजवळ शून्य.

१२/
या चार टक्क्यांतही मधला टप्पा रांगेत शेवटी. १९९४ चा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम प्रामुख्याने प्राथमिक इयत्तांसाठी होता. माध्यान्ह भोजन १९९५ मध्ये पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी सुरू झाले. सहावी ते आठवीच्या मुलांपर्यंत ते पोहोचू लागले २००७ मध्ये. पाचवीतून सहावीत गेलेल्या मुलाची भूक बारा वर्षे सरकारी हिशेबाबाहेर होती.

१३/
२००४ मध्ये २ टक्के शिक्षण उपकर आला. २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का. उपकराचा पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, हे त्याचे केंद्राला असलेले आकर्षण. माध्यमिकच्या उपकरासाठी दहा वर्षे स्वतंत्र निधीच उभारला गेला नव्हता. महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये दाखवले की जमा झालेली रक्कम ८३ हजार कोटींहून अधिक होती. शेतसाऱ्यावरचा उपकर आठवा.

१४/
२०१० पासून आठवीपर्यंतचे शिक्षण हा हक्क झाला. १९६० ची मुदत पन्नास वर्षे उलटून गेली होती. हक्क मिळाल्यावर पाच वर्षांतच सर्व शिक्षा अभियानातील केंद्र-राज्य वाटणी ६०:४० झाली आणि बहुतेक राज्यांवरचा भार वाढला.

१५/
आक्षेप येईल : ‘नुसता पैसा ओतून गुणवत्ता येत नाही.’ मान्य. परंतु विज्ञानाचा शिक्षकच नेमलेला नसेल, तर गुणवत्ता कशाची मोजायची? शिक्षक हा या टप्प्यावरचा मुख्य खर्च आहे. तो टाळून केलेली गुणवत्तेची चर्चा म्हणजे विहीर न खणता पाण्याच्या चवीवर भांडणे.

१६/
१८८२, १९१२, १९६०, २०१७. दर वेळी उत्तर ‘पैसा नाही’ आणि दर वेळी तो दुसरीकडे खर्च झालेला किंवा पडून राहिलेला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या सबबीला पुरावा मानणे आता थांबवावे.

१७/
एक मागणी करू. नव्या धोरणाने सहावी ते आठवीला ‘मध्य स्तर’ असे वेगळे नाव दिलेच आहे, तर अर्थसंकल्पात त्याचा वेगळा हिशेबही द्यावा. आपल्या जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प उघडून हा आकडा शोधून पाहा. सापडला तर खाली लिहा. सापडला नाही, तर तेही लिहा.